कंपनी आणायची, पण पैसे आधी की नंतर?

कंपनी यावी म्हणून सरकार देतं ती आगाऊ सवलत म्हणजे स्वस्त जमीन, रस्ता, पाणी. ती डोळ्यांना दिसते, भूमिपूजनाचा फोटो छापून येतो, म्हणून लोकांना सुरुवातीला हीच पटते. मात्र कंपनीने हात आखडता घेतला, तर खर्च वसूल करणं जवळपास अशक्य. कामगिरीनंतरच्या कर-परताव्यात आधी भरती आणि गुंतवणूक तपासतात, मग पैसे देतात. हे रटाळ आहे, पण तिजोरी वाचते.

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या फॉक्सकॉन या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या प्रकल्पात दोन्ही होतं. 2017 मध्ये 13,000 नोकऱ्यांसाठी राज्याने सुमारे 3 अब्ज डॉलर कबूल केले, म्हणजे नोकरीमागे सव्वादोन लाख डॉलरहून जास्त. त्यातला मोठा भाग कामगिरीशी बांधलेला होता. म्हणून 2021 मध्ये करार 1,454 नोकऱ्या आणि 8 कोटी डॉलरवर आणता आला. स्थानिक गाव आणि काउंटीने (तिथल्या जिल्ह्याने) जमीन-रस्त्यांवर आधीच ओतलेला पैसा मात्र अडकला.

अशा सवलतींवरच्या जनमत चाचणीत ‘नोकऱ्या हव्यात का?’ एवढंच विचारलं, तर हो म्हणणारेच भेटणार. प्रश्नात नोकरीमागचा खर्च, किमान पगार आणि वसुलीची अट घाला. मग मिळणारं उत्तर कामाचं.