खजुरी बाजारातलं कायद्याच्या पुस्तकांचं दुकान

१९८४ साली लग्न होऊन इंदूरच्या रामबागेत आले तेव्हापासून राजवाड्याकडे माझी फेरी असतेच. पण खजुरी बाजारातल्या या दुकानाची पायरी चढले ती गेल्या श्रावणात, तीही नालीच्या पायी.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पत्र्याची शेड आहे. तिथलं तेलकट पाणी उघड्या नालीतून सगळ्यांच्या दारांपुढून वाहतं. सांगून सांगून दोन पावसाळे गेले. शेजारचे निवृत्त वकील म्हणाले, "वहिनी, भांडू नका, अर्ज करा. पण आधी सुप्रीम कोर्टाचा रतलामचा निकाल वाचा."

दुकान अरुंद. पुढे परीक्षांच्या गाइडांचे गठ्ठे, मागे छतापर्यंत कायद्याची नवी-जुनी पुस्तकं. मालकांच्या मदतीला एक मराठी मुलगी असते, एलएलबी करते. फौजदारी प्रक्रिया संहितेची जुनी प्रत साठ रुपयांना दिसली, ती मी उचलली. मुलीने ती हातातून काढूनच घेतली. "काकू, ही नका नेऊ. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झालाय. तुमचं सार्वजनिक उपद्रव हटवायचं कलम १३३ आता नागरिक सुरक्षा संहितेत १५२ झालंय. अर्जात तेच लिहा." विकली जात असलेली वस्तू परत फळीवर ठेवणारं दुकान मी फार दिवसांनी पाहिलं. नवी प्रत एकशे ऐंशीला पडली. कागद पातळ आहे, पण हिंदी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी असल्यामुळे अडखळायला होत नाही.

सुप्रीम कोर्टाचे निकाल संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, हेही तिनेच सांगितलं. मला मोबाइलवर लांबलचक वाचवत नाही, म्हणून रतलामचा निकाल छापून घेतला. दोन रुपये पान. टाचून दिला आणि जिथून मुद्दा सुरू होतो तिथे पेन्सिलीने बारीक खूण केली.

त्या रात्री जेवणं उरकल्यावर शब्दकोश घेऊन बसले. रतलामच्या न्यू रोडवरची माणसं, उघड्या नाल्या, अल्कोहोलच्या कारखान्याचं घाण पाणी, डास. लोकांनी मॅजिस्ट्रेटकडे दाद मागितली. नगरपालिकेचं म्हणणं काय, तर पैसे नाहीत, आणि ही मंडळी तिथली स्थिती बघूनच राहायला आली होती. हे वाचून माझा संताप झाला, कारण आम्हालाही शेडवाल्याने हेच ऐकवलं होतं: शेड आधीची, घरं नंतरची. २९ जुलै १९८० रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि चिन्नप्पा रेड्डी यांनी ते उडवून लावलं. तिजोरी रिकामी आहे म्हणून नगरपालिकेला कर्तव्य टाळता येणार नाही. माणसाला अब्रूने जगता येणं ही घासाघीस करायची गोष्ट नाही. आपल्यापासून तीन-चार तासांच्या अंतरावरच्या एका रस्त्याच्या नालीवरून हा निकाल झाला आणि देशभरात सार्वजनिक आरोग्याच्या भांडणांत आजही त्याचा आधार घेतात.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा मुलीने विचारलं, "शाहबानो वाचलंय का, काकू? आपल्या इंदूरचंच आहे." १९८५ साली ते नाव घरोघरी होतं. ओट्यावर बसून मीही तावातावाने बोलले होते, एक पान न वाचता. आता वाचलं. नवरा वकील, वर्षाचं उत्पन्न साठ हजारांच्या आसपास. बाईने पोटगी म्हणून महिना पाचशे मागितले. इंदूरच्या मॅजिस्ट्रेटनी ऑगस्ट १९७९ मध्ये दिले पंचवीस. हायकोर्टाने वाढवून १७९ रुपये २० पैसे केले. एवढ्या रकमेसाठी नवरा सुप्रीम कोर्टात गेला. यशवंतराव चंद्रचूडांच्या अध्यक्षतेखाली पाच न्यायाधीशांनी २३ एप्रिल १९८५ रोजी तिच्या बाजूने निकाल दिला. पुढच्याच वर्षी संसदेने मुस्लिम घटस्फोटित स्त्रियांसाठी वेगळा कायदा केला. २००१ मध्ये कोर्टाने त्या कायद्याचा अर्थ असा लावला की घटस्फोटितेची पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद इद्दतीच्या, म्हणजे तलाकनंतर पुन्हा लग्न न करता थांबायच्या, काळातच करून द्यायला हवी. म्हणजे निकाल, कायदा, पुन्हा निकाल. मला यात त्या बाईचे वीस पैसे विसरता येत नाहीत.

दुकानात उणं आहे तेही सांगते. मराठीत कायद्याचं एकही पुस्तक नाही. मालक म्हणतात, इथे खपत नाही. आपण इतकी घरं आहोत, दहा-वीस जणांनी मागितलं तर मागवतील, म्हणून कृपा करून मागा. बसायला जागा नाही, मागच्या फळ्यांवर उजेड अगदीच कमी आहे. जुन्या प्रती सरसकट घेऊ नका, आधी साल बघा. पावती मागितल्यावरच मिळते.

माझा अर्ज एसडीएमकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, दिला आहे, कलम १५२ खाली, गल्लीतल्या अकरा घरांच्या सह्यांनिशी. सोबत रतलामच्या निकालाची प्रत जोडली, पेन्सिलीची खूण तशीच ठेवून. पुढच्या आठवड्यात ओल्गा टेलिसचा, मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा निकाल छापून घ्यायला जाणार आहे. जायचं तर दुपारी चारनंतर जा. सकाळी परीक्षेची मुलं असतात, तेव्हा त्या मुलीला बोलायलाही फुरसत नसते.