एएमईला प्रवेश: जुनी संस्था घ्यावी की नवी?

बारावी सायन्सनंतर विमान देखभालीकडे, म्हणजे एएमईकडे (एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर) वळायचं ठरलं की घरात खल सुरू होतो. नावाजलेली जुनी संस्था बरी, की डीजीसीएची (देशातल्या नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था) मान्यता नुकतीच मिळालेली नवी? फी आणि हॉस्टेल नंतर बघू; आधी मान्यतेचं बघा.

नव्या संस्थेचे सुरुवातीचे दिवस कठीण असतात. मान्यतेआधीच वर्कशॉप, पात्र इन्स्ट्रक्टर, क्वालिटी मॅनेजर आणि कार्यपद्धतीचं अख्खं मॅन्युअल तयार ठेवावं लागतं. इन्स्पेक्शनमध्ये त्रुटी निघाल्या की त्या दुरुस्त करून पुन्हा दाखवायच्या. या काळात फीचा पत्ता नसतो, म्हणून "मान्यता प्रोसेसमध्ये आहे" असं सांगून प्रवेश देण्याचा मोह होतो. असं ऐकलंत तर सरळ उठा. कारण सीएआर-147ची (प्रशिक्षण संस्थांसाठीचे डीजीसीएचे नियम) मान्यता असलेल्या कोर्सनंतर बी1.1 लायसन्ससाठी (टर्बाइन इंजिनाच्या विमानांचं मेकॅनिकल काम) 2 वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव पुरतो. कोणतंच तांत्रिक प्रशिक्षण धरलं गेलं नाही, तर तोच अनुभव 5 वर्षांचा लागतो. विद्यापीठाची डिग्री सोबत मिळत असली तरी ती म्हणजे लायसन्स नव्हे.

हा टप्पा पार केलेली नवी संस्था मात्र हलक्यात घेऊ नका. तपासणी ताजी असते, कागद चोख असतात. वर्गात 28 पेक्षा जास्त मुलं बसवता येत नाहीत; नव्या ठिकाणी बहुधा त्याहून कमीच असतात, त्यामुळे लॉकवायरिंग (बोल्ट सैल होऊ नये म्हणून तारेने बांधणं) करताना पक्कड तुमच्याच हातात येते.

जुन्या संस्थेचं खरं भांडवल म्हणजे माजी विद्यार्थी. नागपूरच्या मिहानमधल्या किंवा मुंबईच्या हँगरमध्ये आपल्या संस्थेचा कुणी असला की पुढची वाट सोपी होते. यात नवी संस्था मागेच राहणार. पण नाव मोठं म्हणून मान्यता सगळ्या कॅटेगरींची असेलच असं नाही. बी1.1 आणि बी2 (विमानातली इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) वेगळ्या. पत्रावर तुमची कॅटेगरी आणि मुदत स्वतः वाचा, डीजीसीएच्या वेबसाइटवरच्या यादीशी ताडून पाहा.

दोन्हीकडे वर्कशॉपमध्ये जाऊन टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) मागा. त्यावर कॅलिब्रेशनचं (अचूकता तपासल्याचं) स्टिकर असतं. तारीख उलटून गेली असेल तर बाकीची शिस्तही तशीच असणार, असं मी धरून चालतो.

कॅटेगरी आणि मुदत दोन्हीकडे नीट असेल, तर प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण कुठल्या हँगरमध्ये होतं ते लेखी विचारा. जुनी संस्था नाव सांगत असेल आणि नवी "टायअप होतंय" म्हणत असेल, तर मी जुनीच घेईन.