रेसच्या बाइक न्यायला व्हॅन घेतली आणि ५ लाख ६४ हजार घालवून बसलो

आधी आकडा सांगतो. ५,६४,२०० रुपये. त्यात व्हॅनचे ५,१५,०००, बाकीचा तिच्यापायी झालेला खर्च. आज व्हॅन नाही, पैसे नाहीत, आणि पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जावर नुसता आवक क्रमांक मिळवायला मला तीन हेलपाटे घालावे लागले. लिहायला लाज वाटते. घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. पण सीझन सुरू झालाय, आपल्यातलाच कोणी गाडी शोधत असेल, म्हणून लिहितोय.

लष्करात असल्याचं सांगून फोटो पाठवणारे, ‘ट्रान्सपोर्टचे पैसे आधी टाका’ म्हणणारे, क्यूआर कोड स्कॅन करायला लावणारे, हे सगळे प्रकार मला माहीत होते. मी त्यातल्या कशात सापडलो नाही. मी गाडी डोळ्यांनी पाहिली, आठ किलोमीटर चालवली, खाली झोपून चासी पाहिली, नंबर गाडीची नोंद दाखवणाऱ्या अ‍ॅपवर टाकला. तरी फसलो.

मी आणि माझा भाचा, दोघांच्या दोन बाइक. रेस म्हटली की आपल्याला दक्षिणेत उतरावंच लागतं, ट्रॅक तिकडेच, कोइंबतूरचं कारी नाहीतर चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई. पुण्याहून इरुंगट्टुकोट्टई अकराशे किलोमीटरच्या वर, सगळा ४८ नंबरचा हायवे. इतकी वर्षं भाड्याची गाडी करायचो. छोट्या हत्तीत दोन बाइक कशाबशा बसतात, पण हँडलं एकमेकांत अडकतात आणि टायर, जॅक, टूलबॉक्सला जागा उरत नाही. पिकअपला लांबी पुरते, पण वर ताडपत्री. हुबळीच्या पुढे एकदा पावसात ताडपत्री फाटली आणि भाच्याच्या बाइकच्या एअरबॉक्समध्ये पाणी गेलं. रात्री ढाब्यावर थांबलो की एकाने बाइकपाशीच झोपायचं. या सगळ्याला कंटाळून ठरवलं, स्वतःची बंद व्हॅन घ्यायची.

भाच्याने गॅरेजच्या फरशीवर खडूने चौकोन आखून मापं काढली. बाइक साडेसहा फूट लांब. दोन्ही थोड्या पुढेमागे सरकवून उभ्या केल्या की हँडलं चुकतात आणि पाच फूट रुंदी पुरते. टूलबॉक्स धरून लांबी नऊ फूट. बाइक, पेट्रोलचे कॅन, टायर आणि आम्ही दोघं मिळून वजन ६०० किलोच्या आत, त्यामुळे वजनाची अडचण नव्हतीच. अडचण उंचीची. रॅम्पवरून बाइक आत ढकलताना माणसाला ताठ उभं राहता आलं पाहिजे, नाहीतर कंबर जाते आणि बाइक अंगावर येते.

आणि हे सगळं, मापांसकट, ‘सहा लाखांच्या आत’ या बजेटसकट, मी रेसवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं. ग्रुपवर चारेकशे माणसं. त्यातल्या निम्म्यांना मी कधी पाहिलेलंही नाही. नवव्या दिवशी जाहिरात दिसली: रेसिंग टीम बंद करतोय, उंच छताची डिलिव्हरी व्हॅन, आत दोन बाइकचे व्हील चॉक (पुढचं चाक अडकवायच्या खाचा), रॅम्प, बाइक आवळून बांधायचे रॅचेट पट्टे सोबत, तीन सीझन ट्रॅकवर गेलेली, ५,६०,०००. मी आनंदाने भाच्याला फोन केला. आज वाटतं, आपल्याला काय हवंय ते चारचौघांत सांगूच नये. विचारायचंच असेल तर ओळखीच्या दोघांना फोन करावा.

विकणारा पस्तिशीचा, बोलायला गोड. सी-वनला, म्हणजे ट्रॅकच्या पहिल्या वळणाला, कुठला गिअर ठेवता, कुठल्या कंपाउंडचे टायर लावता, सगळं आपल्याच भाषेत. अशा माणसावर संशय कसा घ्यायचा? हायवेलगतच्या एका यार्डात गाडी उभी होती. त्याने मागची दारं उघडली.

तो क्षण मी रोज रात्री आठवतो.

आत नवं कोरं प्लायवूड. आणि पेट्रोलचा वास नाही. तीन सीझन रेसच्या बाइक वाहिलेल्या बंद गाडीत पेट्रोलचा वास नाही! चेनच्या तेलाचे शिंतोडे नाहीत, बाइक उचलून ठेवायच्या स्टँडचे ओरखडे नाहीत, टायरचा काळा पट्टा नाही. रॅचेटच्या पट्ट्यांवर पाकिटातल्या घड्या तशाच होत्या. चाकाच्या उंचवट्याला लागून कोपऱ्यात भुसा पडलेला, लाकडाचा ताजा पिवळा भुसा. मी तो चिमटीत उचलला, बोटावर चोळून पाहिला, पँटला हात पुसला आणि तोंडाने म्हणालो, ‘किती स्वच्छ ठेवलीय हो गाडी!’

बरं, तेवढ्यावरही भागलं नव्हतं. पट्टे अडकवायचे हूक लाकडाच्या स्क्रूने नुसत्या प्लायला मारलेले. दीडशे किलोची बाइक जोरात ब्रेक लागल्यावर पट्ट्याला ओढते, तेव्हा असला हूक प्लायचा तुकडा घेऊन उपटून येतो. कडी पत्र्याच्या आरपार, खालून मोठा वॉशर देऊन नटबोल्टने घ्यायची असते. एकदा बाइक पडलेला कोणीही हे सांगेल. त्या हुकांना कधी बाइक बांधलेलीच नव्हती. माझी जाहिरातवजा पोस्ट वाचून, माझ्यासाठीच, चार दिवसांत ती व्हॅन आतून ‘रेसची’ केली होती. आणि वीस वर्षं बाइक बांधणारा मी मनात म्हणालो, असू दे, कड्या आपण बदलून घेऊ.

कागदांचं म्हणाल तर तिथे मी तितका मूर्ख नव्हतो, हे मी अजूनही म्हणतो. अ‍ॅपवर कर्जाचा बोजा दिसत होता. मी विचारलं. तो म्हणाला, कर्ज फिटलंय, फायनान्सचं एनओसी आलंय, बोजा उतरवायच्या फॉर्म ३५ वर सही-शिक्का आहे, फक्त आरटीओत नोंद उतरवायची राहिलीय. यात पटण्यासारखं होतं, कारण कर्ज फिटलं म्हणून आरसीवरचा बोजा आपोआप जात नाही, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. आरसीवर नाव दुसऱ्याचं होतं, तर म्हणाला मेहुणा आहे, कामासाठी बाहेरगावी असतो. गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० सह्या करून तयार. आपल्याकडे निम्म्या जुन्या गाड्या अशाच विकल्या जातात, हे तुम्हालाही माहीत आहे. सही खोटी आहे हे मी कशावरून ओळखणार? मूळ मालकाला समोर बसवल्याशिवाय रुपया द्यायचा नाही, हे मला आता कळलं. मालक ‘बाहेरगावी’ असेल तर व्हिडिओ कॉलवर आधार आणि आरसी हातात धरून बोलायला लावा. वाहन पोर्टलवर अर्ज भरताना मालकाच्या मोबाइलवर येणारा ओटीपी तुमच्या समोर मागवा. तिथेच सोंग उघडं पडतं.

सौदा ५,१५,००० ला ठरला. टोकन २१,००० यूपीआयने. ३,४४,००० आरटीजीएसने, तेही त्याच्या कुठल्याशा फर्मच्या चालू खात्यावर. उरलेले १,५०,००० रोख. रोख रक्कम दोन लाखांच्या खाली ठेवू, कायद्यात बसायला हवं, हे त्यानेच सुचवलं आणि त्यामुळे मला तो फारच सरळ वाटला. ५०० रुपयांच्या स्टँप पेपरवर नोटरी केलेला करारनामाही त्यानेच आणला. तो कागद मी आजवर चार ठिकाणी दाखवला, कोणी दुसरं पान उलटलं नाही. गाडी नावावर करून द्यायचे म्हणून त्याच्या एजंटला ९,५००. दुसरी किल्ली ‘घरी राहिलीय, कुरिअर करतो.’ एका किल्लीवर गाडी घेऊ नका, कोणी कितीही घाई करू दे.

पुढचे वीस दिवस मी त्या गाडीच्या प्रेमात होतो. चार टायर २२,४००. नवीन कड्या, वॉशर, वेल्डिंग, रबर मॅट ६,८००. फास्टॅग जुन्या मालकाच्याच नावाचा होता, गाडी नावावर होईपर्यंत हाच चालवा असं एजंट म्हणाला, म्हणून त्यात १,५०० भरले.

त्या फास्टॅगनेच सगळं बाहेर काढलं. रेससाठी आम्ही पहाटे साडेचारला निघालो. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी. प्रत्येक नाक्यावर पैसे कापले की मेसेज जातो मूळ मालकाच्या मोबाइलवर, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. किणीच्या पुढे चहाला थांबलो तर समोर एक गाडी आडवी लागली, चौघं उतरले. फायनान्सचे वसुलीवाले. हप्ते थकलेले, जप्तीचं पत्र त्यांच्या हातात, गाडीचा नंबर, चासी नंबर सगळं बरोबर. मी करारनामा काढला. त्यातला एकजण म्हणाला, ‘साहेब, असे कागद आम्ही रोज बघतो.’ आम्हाला वीस मिनिटं दिली. हायवेच्या कडेला, भर रहदारीत, मी आणि भाच्याने दोन्ही बाइक उतरवल्या. टायर, कॅन, हेल्मेटं, सगळं खडीवर. भाचा एक शब्द बोलला नाही. कोल्हापूरहून ९,००० ला पिकअप बोलावून परत आलो. एंट्री फी आणि भाच्याचा सीझनचा पहिला राउंड गेला तो वेगळाच.

मूळ मालकाशी फोनवर बोललो तेव्हा प्रकार कळला. त्याने गाडी त्याच माणसाला महिना १८,००० भाड्याने दिली होती. दोन महिने भाडं आलं, मग फोन बंद. हप्ते थकले. कर्ज फिटलेलं नव्हतंच, एनओसी बनावट. मेहुणा-बिहुणा कोणी नाही. आणि या गृहस्थाने माझ्या सौद्याच्या तीन महिने आधी पोलिसांत अर्ज दिला होता! त्या अर्जाचं काहीही झालं नव्हतं. तेव्हाच गुन्हा नोंदवला असता तर त्या माणसाला व्हॅन विकताच आली नसती, निदान नंबरावर कुठेतरी खूण पडली असती. एका माणसाचा अर्ज फायलीत झोपला म्हणून दुसरा बुडाला. हे कोणाला विचारायचं?

मी माझ्या भागातल्या ठाण्यात गेलो. तासभर बसवून अंमलदार म्हणाले, यार्ड आमच्या हद्दीत नाही. यार्डाच्या हद्दीतल्या ठाण्यात गेलो, ते म्हणाले पैसे तुमच्या बँकेतून गेले, तिकडे द्या. नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती घेतली पाहिजे असं स्पष्ट लिहिलंय. मी प्रिंट घेऊन गेलो. ‘कायदा आम्हाला शिकवू नका.’ दुसऱ्या दिवशी दुसरे साहेब भेटले, त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. बनावट सह्या, बनावट एनओसी, दुसऱ्याची गाडी विकली, आणि दिवाणी बाब! १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, तर तुम्ही प्रत्यक्ष भेटून व्यवहार केलाय, हा सायबरचा विषय होत नाही. बँकेत गेलो, ते खातं गोठवा म्हटलं, तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात गुन्हाच नाही तर पत्र कसलं देणार. आरटीओत खिडकीवरच्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवला: तुमचं नाव कुठेच नाही, तुम्ही कोण? सहा आठवडे मी गॅरेज बंद ठेवून हेच ऐकत फिरलो. मला कोणी शिवी दिली नाही, कोणी हाकलून दिलं नाही. सगळ्यांनी फक्त पुढचा दरवाजा दाखवला.

शेवटी वकिलाने सांगितलं तसं पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने तक्रार पाठवली, पोच जपून ठेवलीय. आता त्याच संहितेच्या कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज तयार आहे. कोणी या फेऱ्यात असाल तर तोंडी बोलण्यात दिवस घालवू नका, पहिल्याच दिवशी लेखी द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. बोजा असलेली गाडी घ्यायचीच असेल तर फायनान्सच्या शाखेत मालकाबरोबर स्वतः जा, बाकी रक्कम थेट कर्जखात्यात भरा, पावती तुमच्या हातात. विकणाऱ्याने आणलेलं एनओसी शाखेत नेऊन दाखवा, अर्ध्या तासाचं काम आहे. मी तो अर्धा तास दिला नाही, कारण मला पहिल्या राउंडची घाई होती. आणि मागचं दार उघडून आधी वास घ्या.

गेल्या सोमवारी फायनान्सच्या ऑफिसात गेलो होतो. गाडी त्यांच्या यार्डात उभी आहे, मालकाने थकबाकी भरली नाही तर लिलाव होईल. तिथला अधिकारी सभ्यपणे म्हणाला, हवी असेल तर लिलावात तुम्हीही बोली लावू शकता. मी म्हटलं, निदान माझे टायर तरी काढून घेऊ द्या, बिल आहे माझ्याकडे. त्याने फाइल उघडली आणि ताबा घेतानाची यादी माझ्यापुढे सरकवली. त्यात लिहिलं होतं, ‘टायर चार, नवीन.’ ही यादी आता बदलता येत नाही म्हणाला.