चावी नसलेले लॉक नट आणि ट्विस्ट सॉकेटचा संच: नऊ महिने वापरून झाल्यावर

गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा अलॉय चाकं बघूनच आम्ही खूश होतो. प्रत्येक चाकाला तीन नट साधे आणि चौथा गोल, तोंडावर फुलासारखी नक्षी असलेला लॉक नट, चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेला. त्या नक्षीत बसणारी चावी डिक्कीत आहे का, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. मधे दोन पंक्चर झाले, पण ट्यूबलेसला चाक न काढताच दोरी मारतात, म्हणून तेव्हाही कळलं नाही.

दिवाळीनंतर धुळ्याहून जळगावला येताना पारोळ्याच्या पुढे टायर बाजूने फाटला. तिथे दोरी चालत नाही, स्टेपनीच लावावी लागते. पंक्चरवाल्याने तीन नट काढले, चौथ्यावर छिन्नी ठेवून दोन घाव घातले, अलॉयवर एक ओरखडा पाडला आणि उठून म्हणाला, “हाऊ नट निंघत नही, भाऊ. चावी कोठे शे?” चावीचा कोड असलेलं कार्ड असतं तर कोडवरून दुसरी मागवता आली असती. तेही नव्हतं. गाडी टो-ट्रकवर चढवून घरी आणली. पैसे किती गेले ते घरात अजून सांगितलेलं नाही.

गॅरेजवाला म्हणाला, नटावर दुसरा नट वेल्ड करून काढतो. पण शेजारी रबर आणि अलॉयचा रंग, माझा जीव होईना. म्हणून ऑनलाइन हा संच मागवला: 17, 19, 21 आणि 22 मिमीचे चार सॉकेट आणि एक ठोकणी, साडेसतराशेला. सॉकेटच्या आत तिरके, पीळ दिलेले दात असतात. नट सोडवायला डावीकडे फिरवलं की दात नटाला आणखी घट्ट चावतात.

पहिल्या नटाला अर्धा तास लागला, त्यातली वीस मिनिटं माप ठरवण्यात. 21 चा सैल बसला. 19 चा तोंडालाच अडला, आणि तोच बरोबर होता. हाताने बसतो तो सॉकेट इथे कामाचा नाही, हातोड्याने ठोकूनच बसवायचा. ठोकण्याआधी बाकीचे तीन नट परत आवळले, म्हणजे चाकाचा सगळा ताण त्या एका नटावर राहत नाही. हे मी आधी केलं नव्हतं आणि सॉकेट दोनदा निसटला. गाडी जमिनीवरच, गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून, जॅक नंतर. डोळ्यांना चष्मा हवाच, कडक पोलादाची कपची उडते.

आणि लांब दांडा. नट 100 न्यूटन मीटरला आवळलेला असेल तर वीतभर पान्यावर चाळीसेक किलो जोर लागतो, दोन फुटी पाइप चढवला की सतरा-अठरा किलोत भागतं. गंजलेला असेल तर हिशोब वाढतो. इम्पॅक्ट गन लावायचा मोह झाला होता, पण तिच्या धक्क्यांनी दात निसटून नट गुळगुळीत होऊ शकतो. एक सावकाश, सलग ओढ. कट् असा आवाज आला तेव्हा मला वाटलं दांडा मोडला. नट सुटला होता.

सुटलेला नट सॉकेटमध्येच अडकून बसतो. चौकोनी भोकातून ठोकणी घालून बाहेर पाडायचा. संचातली ठोकणी तिसऱ्या नटालाच वाकली. आता जुना बोल्ट वापरतो.

मग गल्लीत बातमी पसरली. माझे चार धरून आतापर्यंत अकरा नट काढले. मे महिन्यात जळगावच्या 44 डिग्रीत चाळीसगावच्या मामांची गाडी अंगणात उभी होती, उन्हात ठेवलेला दांडा हातात धरवेना, ओला पंचा गुंडाळून काम केलं. शेजाऱ्यांच्या गाडीवर मात्र संच सपशेल हरला. त्यांच्या नटाच्या बाहेर सैल कडं होतं, सॉकेट ठोकला की कडंच गरागरा फिरतं, आतला नट ढिम्म. तिथे शेवटी वेल्डिंगच केलं. तुमच्या नटाचं कडं बोटाने फिरतंय का ते बघा आणि मगच पैसे घाला.

दुसरी तक्रार: 19 च्या सॉकेटचे दात नवव्या नटानंतर बोथट झाले. रोज वापरणाऱ्या गॅरेजने हा स्वस्त संच घेऊ नये. घरच्या चार चाकांना पुरून उरतो.

माझ्या चाकांना आता साधे नट आहेत. तेही पहिल्यांदा चुकीचे आणले होते. दुकानदाराने 1.25 च्या आट्याचे (दोन आट्यांतलं अंतर 1.25 मिमी) दिले, माझे स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो ते बोल्ट, 1.5 चे. दोन फेऱ्या हाताने गेले आणि घट्ट झाले. तिथे पाना लावला असता तर स्टड गेला असता. नट शेवटपर्यंत बोटांनीच फिरला पाहिजे. आणि बूड जुन्यासारखं तिरपं हवं, सपाट बुडाचा नट अलॉयच्या खड्ड्यात नीट बसत नाही.

साडेसतराशेच्या सॉकेटने जे लॉक अर्ध्या तासात निघतं, ते चोराला किती अडवणार? मला मात्र त्याने रात्रभर अडवलं.

मामांनी नवीन लॉकच लावून घेतले. निदान चावी स्टेपनीच्या खाचेत टाकली आहे आणि कोडचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये. 21 चा सॉकेट परवा पारोळ्याच्या त्या पंक्चरवाल्याने मागून नेला, परत आला की इथे कळवतो.