अकिरा: आधी चित्रपट की आधी मांगा?

कात्सुहिरो ओतोमो यांची ‘अकिरा’ ही मांगा (जपानी कॉमिक्स) मालिका १९८२ ते १९९० अशी चालली; चित्रपट त्यांनीच १९८८ मध्ये, म्हणजे कथा पूर्ण होण्याआधीच काढला. म्हणून दोन्हींचे शेवट वेगळे. मांगामध्ये अकिरा जिताजागता मुलगा आहे. कथेतलं भविष्यातलं शहर निओ-टोकियो मध्यावरच उद्ध्वस्त होतं आणि पुढे ढिगाऱ्यांतली सत्तेची झुंज रंगत जाते. मियाको ही धर्मगुरू तर मांगामध्येच खरी कळते. चित्रपटात हे सगळं दोन तासांत कोंबलंय. अचानक अलौकिक शक्ती मिळालेल्या तेत्सुओ या मुलाचा संताप तेवढा पुरेपूर पोहोचतो. पण रात्रीच्या रस्त्यावर लांबत जाणारे मोटारसायकलींचे लाल दिवे, गेइनो यामाशिरोगुमी या जपानी संगीतसमूहाचं ते अंगावर येणारं संगीत, हे कागदावर कुठून येणार? माझ्या मते आधी चित्रपट पाहा, शक्यतो मोठ्या पडद्यावर. मग सहाही खंड सावकाश वाचा.