आयटीआयएन सेवा: पासपोर्ट पाकिटात घालण्याआधी

आधार असेल तर ई-पॅन काही मिनिटांत मोबाइलवर येतं, तेही फुकट. त्यामुळे अमेरिकेत गेलेल्या सुनेला करासाठी एक नंबर मिळवायला दोन-अडीच महिने लागतात, हे कोल्हापुरात बसलेल्या सासऱ्यांना सांगून पटत नाही. लागतात मात्र खरंच. तो नंबर म्हणजे आयटीआयएन: नऊ आकडी, ९ने सुरू होणारा, अमेरिकेचं कर खातं म्हणजे आयआरएस देतं तो. ही सेवा १९९६पासून चालू आहे आणि आयआरएस तिची फी घेत नाही. आमचा कौल आधीच सांगून टाकतो: पाचपैकी तीन. नियम लेखी आहेत आणि नीट वाचले तर स्पष्टही आहेत. वेग बेताचा. एक गुण कापला तो निव्वळ मूळ पासपोर्ट टपालानं मागवण्याच्या पद्धतीसाठी, आणि तो कापताना हात अजिबात अडखळला नाही.

हा नंबर कुणाला लागतो ते आधी पाहू, कारण निम्मे अर्ज मुळात करायची गरजच नसते. एच-१बी व्हिसावर नोकरीला गेलेल्याला एसएसएन, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर, मिळतो. त्याचं खातं वेगळं, सोशल सिक्युरिटीचं, आणि फॉर्म एसएस-५. विमानतळावरून थेट त्या कचेरीत धाव घेऊ नये. प्रवेशाची नोंद सरकारी संगणकात दिसायला वेळ लागतो. ती दिसली नाही तर अर्ज पडताळणीत अडकतो आणि कार्ड लांबतं. दहा दिवस थांबून गेलेलं बरं. तोवर नोकरी सुरू करायला हरकत नाही, नंबर आला की कंपनीच्या पगार विभागाला कळवायचा.

त्याच्यासोबत एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर गेलेल्या बायकोला काम करायचा परवाना नसेल तर एसएसएन मिळत नाही. तिच्यासाठी आयटीआयएन. परवाना, म्हणजे ईएडी, हाती असेल किंवा त्याचा अर्ज चालू असेल तर मात्र आयटीआयएनच्या वाटेला जाऊ नका. ईएडीच्या आय-७६५ फॉर्ममध्येच एसएसएन मागायची सोय आहे. दोन्ही नंबर एकाच वेळी वापरता येत नाहीत. आधी आयटीआयएन घेतला आणि पुढे एसएसएन आला, तर आयआरएसला पत्र लिहून जुन्या नोंदी नव्या नंबरावर घ्यायला सांगायचं. हे पत्र बहुतेक जण लिहीत नाहीत आणि मग आधीच्या वर्षांचा कर वेगळ्याच माणसाच्या नावावर पडून राहतो.

आता फॉर्म. त्याचं नाव डब्ल्यू-७, मुख्य पान एकच. आपल्या लोकांचा घोळ होतो तो नावात. महाराष्ट्रातल्या पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन नावं असतात, आडनाव वेगळ्या रकान्यात. फॉर्मच्या १ए ओळीत पासपोर्टप्रमाणेच नाव लिहायचं. माहेरचं जाधव आणि सासरचं पाटील झालं असेल तर जन्माचं पूर्ण नाव १बी ओळीत. रिटर्नवर नवऱ्याचं नाव गाळून, फॉर्मवर घालून आणि बँकेत तिसरंच देऊन तीन ठिकाणी तीन माणसं तयार करू नका. जन्मतारीख महिना, दिवस, वर्ष या क्रमाने. ५ नोव्हेंबरला जन्मलेली माणसं हमखास ११ मे या तारखेची होऊन बसतात.

ओळ ३ परदेशी पत्त्याची. तिथं अमेरिकेतलाच पत्ता पुन्हा लिहिणं ही सर्रास होणारी चूक. कायमचं घर कोल्हापुरात असेल तर तो पूर्ण पत्ता घाला, पोस्ट बॉक्स चालत नाही. इकडचं बिऱ्हाड मोडून कायमचे तिकडे गेला असाल तर फक्त देशाचं नाव पुरतं. आपल्याकडचा कर क्रमांक, म्हणजे पॅन, ६बीमध्ये जातो. अर्जाचं कारण सांगणाऱ्या चौकटींत बायकोसाठी बहुधा ‘ई’ आणि मुलांसाठी ‘डी’ येते, पण ही अक्षरं नवरा करापुरता अमेरिकेचा ‘रहिवासी’ ठरतो असं धरून आहेत. तो अनिवासी असेल तर चौकट ‘जी’.

हा ‘रहिवासी’ शब्द पुढं पैशाच्या बाबतीतही आडवा येतो. ढोबळ नियम दिवस मोजण्याचा. चालू वर्षातले सगळे दिवस, गेल्या वर्षातल्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचा एक षष्ठांश मिळून १८३ झाले, आणि चालू वर्षात किमान ३१ असले, की तुम्ही रहिवासी. प्रथमच जाणारा २ जुलै किंवा त्याआधी पोहोचून वर्षभर तिथं राहिला तर त्याच वर्षी बसतो. दिवाळीनंतर गेलेला बसत नाही. एफ-१ या शिक्षणाच्या व्हिसावरच्या विद्यार्थ्याचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस मोजलेच जात नाहीत. नवरा-बायकोला निवड करून संपूर्ण वर्षासाठी रहिवासी म्हणून एकत्र रिटर्न भरता येतं, त्यासाठी दोघांच्या सहीचं निवेदन जोडावं लागतं. एकत्र रिटर्नमुळे कर बराच उतरतो, पण त्या वर्षाचं जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं. राजारामपुरीतल्या फ्लॅटचं भाडं आलं, जिल्हा बँकेतल्या ठेवीचं व्याज आलं. रहिवासी असताना परदेशी खात्यांतली एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार नावाचा वेगळा अहवालही भरायचा. सल्लागार एकत्र रिटर्नचा फायदा सांगतात आणि हे सांगायचं विसरतात.

अर्ज एकटा जात नाही. डब्ल्यू-७ वर, त्याखाली पूर्ण रिटर्न, आणि रिटर्नवर ज्याचा नंबर मागायचाय त्याचा रकाना कोरा. ‘अर्ज केला आहे’ असं काही लिहायचं नाही. नंबर नसताना रिटर्न ऑनलाइन जात नाही, कागदीच लागतं, म्हणून रिफंडही त्याच चालीनं येतो. पाकीट टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या आयटीआयएन विभागाला जातं, नेहमीच्या रिटर्नच्या पत्त्यावर नाही. खासगी कुरिअरचा पत्ता वेगळा आहे, कारण पोस्ट बॉक्सवर कुरिअरवाले माल टाकत नाहीत.

ओळखीसाठी तेरा प्रकारचे कागद चालतात, पण ओळख आणि नागरिकत्व दोन्ही एकट्यानं सिद्ध करणारा एकच, पासपोर्ट. इथं कोल्हापूरकर फसतो. कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलाबाहेर नोटरी करून घेतलेली झेरॉक्स कितीही लाल शिक्क्यांनी सजवली तरी ऑस्टिनमध्ये तिची किंमत शून्य. अमेरिकेतल्या नोटरीचीही तीच गत. आयआरएसला मूळ पासपोर्ट हवा किंवा तो देणाऱ्या यंत्रणेनं प्रमाणित केलेली प्रत. अमेरिकेतल्या भारतीय वाणिज्य दूतावासातून अशी प्रत करून घेता येते. प्रत मूळ पासपोर्टशी ताडून पाहिल्याचा मजकूर, अधिकाऱ्याची सही आणि कचेरीचा शिक्का तिच्यावर नीट उमटलाय का, ते खिडकीवरच बघून घ्या. नुसत्या ‘अटेस्टेड’ शिक्क्यावर अर्ज परत येऊ शकतो.

मुलांच्या पासपोर्टला आणखी एक मेख आहे. त्यावर अमेरिकेत प्रवेशाची तारीख नसेल तर तो एकटा पुरत नाही. सहा वर्षांखालच्या मुलाला तिथल्या डॉक्टरची नोंद, शाळकरी मुलाला शाळेची नोंद जोडावी लागते. विमानतळावर हल्ली शिक्का मारतीलच असं नाही, नोंद आय-९४ या प्रवेशाच्या कागदावर ऑनलाइन असते. म्हणून मुलाची पहिली तपासणी तिथं पोहोचल्या पोहोचल्या करून कागद फाइलला लावलेला बरा, नुसत्या लसीकरणापुरतं नाही.

मार्ग तीन. पहिला मूळ पासपोर्ट टपालानं. कागद ६० दिवसांत परत करू असं आयआरएस सांगतं. तेवढे दिवस एच-४वरची बाई पासपोर्टाविना, आणि इकडे कुणाचं बरं-वाईट झालं तर तिकीट काढायची सोय नाही. आम्ही या मार्गाची शिफारस कुणालाही करत नाही. पाठवायचाच असेल तर परतीचं आगाऊ पैसे भरलेलं कुरिअर पाकीट आत घाला आणि मधल्या काळात घर बदलू नका. बदललंच तर फॉर्म ८८२२ भरून पत्ता कळवा.

दुसरा मार्ग टीएसी, आयआरएसची स्थानिक कचेरी. फुकट. पासपोर्ट समोर तपासून तिथल्या तिथं परत देतात. पण वेळ ठरवल्याशिवाय दारात उभं करत नाहीत आणि प्रत्येक टीएसीत आयटीआयएनचं काम होत नाही. वेळ ठरवायचा फोन ८४४-५४५-५६४०. फेब्रुवारी-मार्चमध्ये जवळची तारीख मिळणं मुश्कील, जानेवारीतच फोन लावा.

तिसरा मार्ग सीएए, आयआरएसनं मान्यता दिलेला दलाल म्हणा हवं तर, पण इथं हा दलाल रीतसर आहे. तो मूळ पासपोर्ट बघतो, परत देतो आणि आपलं प्रमाणपत्र अर्जाला जोडतो. मुलांचे पासपोर्ट आणि जन्मदाखलेही तपासू शकतो. पैसे घेतो आणि दर ज्याचा त्याचा. यादी आयआरएसच्या संकेतस्थळावर राज्यवार आणि देशवार आहे, भारतासकट. बायको अजून कोल्हापुरातच असेल तर हाच मार्ग धरा. नाव यादीत सापडलं नाही तर तो सीएए नाही, दुकानावरची पाटी काहीही म्हणो. शिवाय नवऱ्याचं रिटर्न करणारा सल्लागार आणि सीएए एकच असेल तर नावातल्या तफावती त्याच टेबलावर निस्तरतात. आमची पसंती याच मार्गाला. पैसे जातात, पासपोर्ट जात नाही.

तिन्ही मार्गांनी वेळ तोच: अर्ज पोहोचल्यापासून सात आठवडे, आणि १५ जानेवारी ते ३० एप्रिलच्या हंगामात किंवा परदेशातून पाठवला तर नऊ ते अकरा. ‘माझी ओळख आहे, लवकर काढून देतो’ म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार करावा.

आता पैशाचं, कारण नंबराचा प्रकार किती महाग पडतो ते अमेरिकेच्या सरकारनं दिलेल्या करोनाच्या मदतीत उघड झालं. २७ मार्च २०२०च्या कायद्यानं माणशी १,२०० आणि सतरा वर्षांखालच्या मुलामागे ५०० डॉलर ठरवले. जोडप्याचं उत्पन्न दीड लाख डॉलरपर्यंत असेल तर पूर्ण रक्कम. अट एकच आणि खतरूड: एकत्र रिटर्नवर दोघांचेही एसएसएन हवेत. नवरा एच-१बी, बायको आयटीआयएनवर, मूल तिथंच जन्मलेलं, उत्पन्न ९०,०००. या घराला शून्य. कर पूर्ण भरलेला, मूल अमेरिकेचं नागरिक, तरी शून्य. त्याच नवऱ्यानं रिटर्न वेगळं भरलं असतं तर त्याला निदान काही रक्कम तरी मिळाली असती.

डिसेंबर २०२०च्या कायद्यानं ही अट मागच्या तारखेपासून सैल केली. त्याच घराचा हिशेब मग असा झाला: पहिल्या फेरीचे १,२०० अधिक ५००, दुसरीचे ६०० अधिक ६००, मार्च २०२१च्या तिसरीचे १,४०० अधिक १,४००. एकूण ५,७०० डॉलर. बायकोचे तिन्ही फेऱ्यांत शून्यच. मूल इकडे जन्मलेलं आणि आयटीआयएनवर असतं तर एकूण ३,२००. ज्यांना आपोआप आले नाहीत त्यांना २०२० आणि २०२१च्या रिटर्नमधल्या ओळ ३०वर मागता येत होते. त्या मागण्यांची मुदत अनुक्रमे १७ मे २०२४ आणि १५ एप्रिल २०२५ला संपली. आता ‘जुने चेक काढून देतो’ म्हणून कुणी फी मागत असेल तर देऊ नका.

एफ-१ विद्यार्थ्यांचं उलटं झालं. साध्या सॉफ्टवेअरनं अनिवाशाच्या १०४०एनआर रिटर्नऐवजी रहिवाशाचं १०४० भरलं, आणि हक्क नसताना १,२०० डॉलर खात्यात आले. ते परत करायचे असतात आणि रिटर्न दुरुस्त करायचं असतं. पुढे व्हिसाच्या कामात चुकीचं रिटर्न नडू शकतं, म्हणून आले-खाल्ले म्हणून सोडून देऊ नये.

आजच्या घडीला याच स्वरूपाचा पैसा म्हणजे मुलांची कर सवलत. २०२५ सालापासून एसएसएन असलेल्या, सतरा वर्षांखालच्या मुलामागे २,२०० डॉलरपर्यंत, आणि आईवडिलांपैकी किमान एकाकडे एसएसएन हवा. आयटीआयएनवरच्या मुलामागे फक्त ५००, तेही मूल तिथं राहून रहिवासी ठरत असेल तर. नातू अजून इकडे आजीआजोबांकडे असेल तर काही नाही. कोल्हापुरातल्या आईवडिलांना अवलंबित दाखवून सूट मिळते का, हे प्रत्येक जण विचारतो. मिळत नाही, महिन्याला कितीही पैसे पाठवा.

सवलतीसाठी नंबराचा अर्ज रिटर्नच्या मुदतीत गेलेला हवा: १५ एप्रिल, किंवा फॉर्म ४८६८ भरून वाढवली तर १५ ऑक्टोबर. वाढीव मुदत कागदाला असते, पैशाला नसते. कर निघत असेल तर तो १५ एप्रिललाच भरायचा, नाहीतर व्याज चालू.

उत्तर पत्रानं येतं. सीपी ५६५ म्हणजे नंबर मिळाला, ५६७ म्हणजे अर्ज फेटाळला. ५६६ आलं तर काहीतरी कमी आहे आणि उत्तराला ४५ दिवस आहेत. हे पत्र जाहिरातींच्या गठ्ठ्यात जाऊन बसतं. मागितलेला कागद त्या पत्राच्याच प्रतीसोबत पाठवा, नवा डब्ल्यू-७ नको, नाहीतर एकाच माणसाचे दोन अर्ज फिरत राहतात. आणि मिळालेला नंबर सलग तीन वर्षं कुठल्याच रिटर्नवर आला नाही तर तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला बाद होतो. नूतनीकरणाला पुन्हा तोच डब्ल्यू-७ आणि तोच पासपोर्ट, फक्त रिटर्न जोडायची सक्ती नाही.