आमच्या गावची कूसिन मने, दीड वर्षाचा अनुभव

कूसिन मने म्हणजे बाळांचं घर, पंचायतीचं पाळणाघर. नाव कन्नड आहे पण आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात मराठी बायका पण तेच म्हणत्यात. २०२३ च्या बजेटात कर्नाटक सरकारनं ४००० पंचायतीत सुरू करणार म्हणून सांगितलेलं, उद्योग खात्रीच्या, म्हणजे रोजगार हमीच्या, कामाला जाणाऱ्या बायकांच्या बारक्या पोरांसाठी. माझी धाकटी दीड वर्ष तिथं होती म्हणून लिहितेय.

खरं सांगते, मी पोरीला मारायची. नवऱ्याच्या बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पाळ्या कमी झालेल्या, दर सोमवारी बायकांच्या बचत संघाचा हप्ता, सासू अंथरुणात, आणि ही कडेवरनं खाली उतरायची नाही. एकदा उलथनं हातात होतं तेच मारलं, पोटरीवर वळ उठला, मग चार दिवस मोजे घालून झाकला, मे महिन्यात.

तिथल्या अक्कांनी मोजे काढले तेव्हा दिसलं. मला वाटलं आता पंचायतभर होणार. त्यांनी पोरीला खोबरेल लावलं आणि संध्याकाळी मला एवढंच विचारलं, "सकाळपासनं काय खाल्लीस काय गं?" मी तिथंच रडले.

दुपारी पोरांना गरम जेवण मिळतं, झोप होते. संध्याकाळी पोरगी हसत अंगावर येते आणि माझं पण डोकं जरा थंड असतं. हात उठायचा बंद झाला तो असा, मला कोण शिकवायला आलं नाही.

गरीबच पोरांना मारत्यात म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. केंद्र सरकारच्या २००७ च्या अहवालात १३ राज्यांतली १२,४४७ पोरं होती, शाळेतली, कामावरची, रस्त्यावरची सगळी, आणि तिनातल्या दोघांनी मार खाल्लाय म्हणून सांगितलं. बंगल्यात पण मारत्यात, फक्त आवाज बाहेर येत नाही. पण हप्ता थकलेला, झोप नाही, पोर धरायला दुसरं माणूस नाही, असं असलं की हात लवकर सुटतो, हे मी माझ्यावरनं सांगते.

५ पैकी ४ स्टार. एक कमी कारण सांभाळणाऱ्या बायका बदलत्यात, त्यांना पण खात्रीचं काम मोजकेच दिवस, आणि नवीन तोंड बघून पोरं आठवडाभर रडत्यात. बाईला कायमचं ठेवा की.

नाव घालायला पंचायतीत जावा, खात्रीचं जॉब कार्ड न्या, दोन जोड कपडे जादा द्या. आणि शेजारचं पोर रोज मार खात असेल तर पोरांच्या मदतीचा १०९८ नंबर लावा, फुकट आहे, रात्री पण लागतो.